जुन्या नाट्यगृहाचं नूतनीकरण : आवाज, भिंती आणि आग

(ताथवडे येथे झालेल्या जाहीर व्याख्यानाचं शब्दांकन. बोलण्याचा ओघ शक्य तितका तसाच ठेवला आहे. शेवटी श्रोत्यांचे काही प्रश्न आणि उत्तरं दिली आहेत.)



आजचा विषय ऐकून काहींना वाटलं असेल, ताथवड्यात हा विषय कशाला? इथं तर सगळंच नवं. हायवेच्या दोन्ही बाजूंना टॉवर, कॉलेजांच्या इमारती, पलीकडे हिंजवडी. शंभर वर्षांचं नाट्यगृह इथं कुठून आणायचं? पण याच पट्ट्यातल्या कॉलेजांची मुलं दर वर्षी पुरुषोत्तम करंडकाच्या, फिरोदियाच्या तालमी करतात. वर्गात, पार्किंगमध्ये, जिन्याखाली तालमी होतात आणि मग एके दिवशी ती पुण्यात भरत नाट्य मंदिराच्या रंगमंचावर उभी राहतात. तिथं पहिलं वाक्य बोलल्यावर कळतं की आपला आवाज इथं वेगळाच लागतोय. हे 'वेगळं लागणं' कुठून येतं आणि नूतनीकरणाच्या नावाखाली ते कसं टिकतं किंवा कसं जातं, हे आज आपण बघणार आहोत. समोर बसलेल्यांपैकी बरेच जण उद्याचे इंजिनिअर आणि आर्किटेक्ट आहेत. पुढच्या वीस वर्षांत अशा इमारतींच्या निविदांवर तुमच्याच सह्या असणार आहेत. म्हणून हा विषय इथंच मांडायला हवा.

आधी शब्द नीट लावून घेऊ

आपण चार वेगळ्या गोष्टींना एकच शब्द वापरतो, आणि भांडणं तिथूनच सुरू होतात. छत गळतंय, ते थांबवलं, ही झाली दुरुस्ती. जे आहे ते आहे त्याच साहित्यानं, त्याच पद्धतीनं सांभाळलं, हे जतन. इमारत तीच ठेवून आजच्या वापरासाठी एसी, लिफ्ट, नवी वायरिंग, नव्या खुर्च्या घातल्या, हे नूतनीकरण. आणि पाडून किंवा पडल्यावर पुन्हा उभं केलं, ती पुनर्बांधणी. कागदावर 'नूतनीकरण' लिहिलेलं असतं आणि जागेवर कधी नुसती रंगरंगोटी होते, तर कधी अख्खी पुनर्बांधणी. म्हणून कुठल्याही कामाच्या वेळी पहिला प्रश्न विचारायचा, की यातलं नेमकं काय होणार आहे.

विद्यापीठाचं एक सभागृह

उदाहरण म्हणून आधी मुंबई विद्यापीठाच्या फोर्टमधल्या दीक्षान्त सभागृहाकडे जाऊ. विद्यापीठ स्थापन झालं १८५७ साली. सभागृहासाठी सर कावसजी जहांगीर रेडीमनी यांनी एक लाख रुपयांची देणगी दिली. आराखडे केले लंडनच्या जॉर्ज गिल्बर्ट स्कॉट यांनी. हे गृहस्थ भारतात कधीच आले नाहीत, आराखडे बोटीनं आले. १८७४ साली सभागृह पूर्ण झालं. लांबी १०४ फूट, रुंदी ४४ फूट आणि उंची छताच्या टोकापर्यंत ६३ फूट. तिन्ही बाजूंनी गॅलरी, एका टोकाला अर्धगोल भाग, रंगीत काचांची मोठी गोल खिडकी आणि तिच्याभोवती बारा राशी. शेजारीच प्रेमचंद रायचंद यांच्या देणगीतून उभी राहिलेली ग्रंथालयाची इमारत आणि राजाबाई टॉवर. २०१८ साली हा सगळा परिसर मुंबईच्या व्हिक्टोरियन आणि आर्ट डेको वास्तुसमूहाचा भाग म्हणून जागतिक वारसा यादीत गेला.

आता या सभागृहाचं काम काय होतं? पदव्या द्यायच्या. गंभीर आवाजात नाव पुकारायचं, टाळ्या वाजवायच्या. उंच, दगडी, घुमणारी जागा या कामाला शोभते, शब्द घुमला की समारंभाला वजन येतं. त्याच जागी सतार ठेवा, भाषण ठेवा, एकांकिका ठेवा, म्हणजे अडचण सुरू. आपल्याकडच्या विद्यापीठांत हे नेहमी घडतं. पुण्याच्या विद्यापीठाची मुख्य इमारत मुळात गव्हर्नरचं निवासस्थान, तिथल्या दालनांत आता सभा होतात. म्हणजे इमारत एका कामासाठी बांधलेली असते आणि आपण तिला दुसरं काम लावतो.

वास्तुजतनतज्ज्ञ आभा नारायण लांबा यांच्या देखरेखीखाली मुंबईच्या या सभागृहाचं जतन झालं, तेव्हा रंगीत काचा, लाकूडकाम, दगड यांची मूळ अवस्था राखण्यावर भर होता. त्या इमारतीसाठी तो निर्णय बरोबरच, कारण तिचं मोल तिच्या दिसण्यात आहे. पण ज्या इमारतीचं मोल तिच्या ऐकू येण्यात आहे तिथं काय करायचं? तिथं काचेसारखी हातात धरता येईल अशी वस्तूच नसते. तिथं जपायचा असतो आवाज.

आवाज मोजता येतो

याची गोष्ट थोडी लांबून आणू, तीही एका विद्यापीठातलीच. अमेरिकेत हार्वर्ड विद्यापीठात १८७० च्या दशकात, म्हणजे आपल्या मुंबईच्या सभागृहाच्याच काळात, सँडर्स थिएटर उभं राहिलं. आतून जवळपास सगळं लाकडाचं, आणि आवाजासाठी नावाजलेलं. वीसेक वर्षांनी त्याच विद्यापीठात फॉग संग्रहालयाचं नवं व्याख्यानगृह बांधलं, आणि त्यात एक वाक्य धड ऐकू येईना. वॉलेस सॅबाईन नावाच्या तरुण प्राध्यापकाला सांगितलं, याचं काय ते बघ.

सॅबाईननं काय केलं? सँडर्स थिएटरच्या खुर्च्यांवरच्या गाद्या उचलून आणल्या. रात्री, शहर झोपल्यावर, ऑर्गनचा एक स्वर वाजवायचा, थांबवायचा आणि तो पूर्ण विरेपर्यंत किती सेकंद लागतात ते मोजायचं. मग आणखी गाद्या घालायच्या, पुन्हा मोजायचं. रिकाम्या दालनात स्वर साडेपाच सेकंद रेंगाळत होता. जरा विचार करा, साडेपाच सेकंदांत आपण वीस-पंचवीस अक्षरं बोलतो. ती सगळी एकमेकांच्या अंगावर पडत होती. दालन गाद्यांनी भरत गेलं तसा तो काळ कमी कमी होत सेकंदाच्या थोडा वर येऊन थांबला.

या रात्रींमधून एक साधं सूत्र निघालं. आवाज विरायला लागणारा काळ म्हणजे ०.१६१ गुणिले दालनाचं घनफळ भागिले एकूण शोषण. घनफळ घनमीटरमध्ये, शोषण चौरस मीटरमध्ये. शोषणाचं माप सॅबाईननं उघड्या खिडकीवरून काढलं. एक चौरस मीटर उघडी खिडकी आपल्यावर पडलेला सगळा आवाज बाहेर घालवते, परत काही देत नाही. मग एखादी गादी किती खिडकीइतकी, एक माणूस किती खिडकीइतका, असं मोजायचं. बसलेला एक प्रेक्षक साधारण अर्ध्या चौरस मीटरच्या खिडकीइतका आवाज पितो. म्हणजे नाट्यगृहातलं आवाज शोषणारं सर्वांत मोठं साहित्य कुठलं? आपण स्वतः. पडदे, गालिचे आपल्यानंतर.

एक हिशेब करून बघू

समजा एक जुनं नाट्यगृह आहे. ७०० प्रेक्षक, घनफळ ४,००० घनमीटर. लाकडी खुर्च्या, उंच लाकडी छत, चुन्याचा गिलावा. प्रेक्षकांचं शोषण धरा ३१५, बाकी छत, पडदे, लाकूड मिळून २२५. एकूण ५४०. सूत्रात घाला, १.२ सेकंद येतात. निव्वळ गद्य संवादाला एक सेकंदाच्या आत-बाहेरचा काळ चांगला, गाण्याला थोडा जास्त हवा. आपलं संगीत नाटक दोन्ही मागतं. संवाद स्वच्छ पाहिजेत आणि पद सुरू झालं की तान थोडी हवेत राहिली पाहिजे. १.२ सेकंद त्याला अगदी मानवतात.

आता याचं नूतनीकरण होतं. एसीची थंडी वाया जाऊ नये म्हणून छत दोन मीटर खाली येतं आणि भोकांच्या टाइल लावतात. घनफळ उरलं ३,२००. जाड फोमच्या खुर्च्या येतात, मार्गिकांवर गालिचा, भिंतींना कापडी पॅनेल. शोषण ५४० वरून ८२० च्या घरात जातं. पुन्हा सूत्र लावा, ०.६३ सेकंद. म्हणजे आवाज निम्म्यावर आला. नाट्यगृह दिसायला देखणं झालं, प्रत्येक वस्तू चांगल्या कंपनीची आहे, पण गायकाला वाटतं आपण रजईत तोंड घालून गातोय. मग माइक येतो, माइकचा आवाज वाढतो, त्यासाठी साउंड ऑपरेटर येतो, आणि दहा वर्षांनी कुणाला आठवतही नाही की इथं कधी बिनमाइकचा प्रयोग होत होता.

यात कोणी वाईट वागलं का? नाही. प्रत्येक निर्णय आपापल्या जागी शहाणपणाचाच होता. फक्त सगळ्यांची बेरीज कुणी केली नाही.

आणि दुसरी बाजूही सांगितली पाहिजे. फोमची खुर्ची सरसकट शत्रू नाही. लाकडी खुर्च्यांचं तेच नाट्यगृह रिकामं असेल तर शोषण २५५ वर येतं आणि काळ अडीच सेकंदांवर जातो. दुपारी रिकाम्या सभागृहात तालीम करायची आणि रात्री भरलेल्यात प्रयोग, म्हणजे दोन वेगळ्या इमारती झाल्या. बेताची गादी असलेली खुर्ची रिकामी असतानाही थोडा आवाज पिते, त्यामुळे तालीम आणि प्रयोग यांतला फरक कमी होतो. तेव्हा प्रश्न जुनं की नवं हा नाही, किती आणि कुठं हा आहे.

आणखी एक. जुन्या नाट्यगृहांत भिंतीपासून थोडं अंतर सोडून लाकडी फळ्या ठोकलेल्या दिसतात. कंत्राटदाराला ती सजावट वाटते. पण पातळ फळी आणि तिच्यामागची हवा मिळून खर्जाचे आवाज शोषतात, म्हणजे डग्ग्याचा घुमारा आवरतात. गालिचा हे काम करू शकत नाही, तो वरच्या पट्टीचे आवाज पितो. फळ्या काढून गालिचा घातला की 'स', 'श' नाहीसे होतात आणि डग्गा मात्र घुमत राहतो. प्रेक्षक म्हणतात, 'आवाज येतोय, पण शब्द कळत नाहीत.' ही तक्रार ऐकली की समजायचं, फळ्या गेल्या.

भिंतींचं काय

आपल्याकडच्या जुन्या इमारती काळ्या दगडाच्या किंवा विटांच्या, सांधे चुन्याचे. चुना सच्छिद्र असतो. पावसाळ्यात भिंत थोडं पाणी घेते, उन्हाळ्यात सोडते. भिंत श्वास घेते म्हणतात ते हेच. त्यावर सिमेंटचा गिलावा केला की बाहेर जायची वाट बंद होते. पाणी जोत्यातून चढतंच, पण आता ते आत अडकतं. त्याबरोबर आलेले क्षार सांध्यांत साचतात, फुगतात, आणि दगडाच्या कडा किंवा विटांचे पापुद्रे सुटायला लागतात. गिलाव्याला फुगे आले की पुन्हा सिमेंट थापतात. रोग वाढवणारं औषध.

शिवाय सिमेंट कडक, चुना थोडा लवचिक. इमारत ऊन-थंडीनं हलते तेव्हा चुन्याला बारीक भेगा पडतात आणि त्या काही अंशी आपोआप भरतात. सिमेंट हटत नाही, मग दगड फुटतो. त्यामुळे जतनाच्या कामात पहिलं कष्टाचं काम बहुतेक वेळा काढण्याचंच असतं. मागच्या दुरुस्त्यांनी जे थापलं ते हळूच उतरवायचं.

बंद पडलेलं ऑपेरा हाउस

मुंबईचं रॉयल ऑपेरा हाउस याचं चांगलं उदाहरण आहे. मॉरिस बँडमन आणि जहांगीर फ्रामजी कराका यांनी ते उभारलं. १९११ साली पाचव्या जॉर्ज राजाच्या हस्ते उद्घाटन झालं तेव्हा बांधकाम चालूच होतं. बालगंधर्व, पृथ्वीराज कपूर यांच्यासारख्यांनी ते गाजवलं. पुढे चित्रपट आले तसं ते सिनेमागृह झालं. १९५२ साली गोंडलच्या राजघराण्यानं ते विकत घेतलं. १९९३ साली बंद पडलं आणि वीस वर्षांहून जास्त काळ बंदच राहिलं. २०१२ साली जगातल्या धोक्यातल्या वास्तूंच्या यादीत त्याचं नाव आलं.

तिथं दोन काळ एकमेकांवर चढलेले होते. सिनेमाला पडदा लागतो, मोठे स्पीकर लागतात. नाटकाला विंगा, रंगपट, वादकांची जागा. सिनेमागृह होताना नाटकाच्या खुणा झाकल्या किंवा काढल्या गेल्या होत्या. मग जुने फोटो शोधून, थर उतरवून, मूळ सज्जे, नक्षी, बॉक्स परत आणले गेले. २०१६ च्या ऑक्टोबरात ते उघडलं, ५७५ आसनांचं, आणि उद्घाटनाला पॅट्रिशिया रोझारिओ गायल्या. पुढच्या वर्षी युनेस्कोचा आशिया-पॅसिफिक वारसा पुरस्कारही मिळाला.

यातून घ्यायचं ते एवढंच. जुने फोटो होते म्हणून मूळ रूप कळलं. कागद, फोटो, नकाशे नसते तर कारागीर कितीही चांगले असून उपयोग नव्हता.

कोल्हापूर, ८ ऑगस्ट २०२४

आता ज्या गोष्टीसाठी हा विषय घेतला तिच्याकडे येऊ. राजर्षी शाहू महाराज १९०२ साली युरोपला गेले. रोममधलं जुनं प्रेक्षागार त्यांनी पाहिलं आणि परत आल्यावर कोल्हापुरात कुस्तीसाठी खासबाग मैदान आणि त्याला लागूनच नाटकांसाठी पॅलेस थिएटर उभं केलं. थिएटरचं काम १९१३ मध्ये सुरू झालं, १९१५ मध्ये ते खुलं झालं. कुस्ती आणि संगीत नाटक शेजारी शेजारी, एकाच राजाच्या मनातून आलेलं, असं दुसरीकडे क्वचितच सापडेल. १९५७ साली त्याला संगीतसूर्य केशवराव भोसले यांचं नाव दिलं. हे तेच केशवराव, ज्यांनी १९०८ साली ललितकलादर्श काढली आणि १९२१ च्या जुलैत बालगंधर्वांबरोबर संयुक्त 'मानापमान' केलं. त्याच वर्षी ऑक्टोबरात, एकतिशीतच ते गेले.

केशवरावांचा जन्म ९ ऑगस्ट १८९० चा. २०२४ साली जयंतीच्या आदल्या रात्री, ८ ऑगस्टला, हे नाट्यगृह पेटलं. छत कोसळलं, रंगमंच गेला, प्रेक्षागृह जळालं. दगडी भिंती उभ्या राहिल्या. सकाळी जयंतीला जमायचे ते कलावंत राखेसमोर उभे होते, कित्येकांना रडू आवरेना.

त्याआधीच्या दशकातच या नाट्यगृहाचं मोठं नूतनीकरण झालं होतं. आग का लागली यावर आपण इथं बसून बोलणार नाही, ते तपास करणाऱ्यांचं काम. आपण नाट्यगृह का जळतं एवढं समजून घेऊ. रंगमंच म्हणजे काय? उंच पोकळी, तिच्यात टांगलेलं कापड, रंगवलेलं लाकूड, दोर, आणि या सगळ्यात तापलेले दिवे आणि वायरी. खालून लागलेली आग धुराड्यासारखी वर जाते. छत आणि फॉल्स सीलिंग यांच्यातल्या पोकळीत शिरली की खालच्या माणसाला दिसतही नाही. जुन्या वायरिंगवर नवा भार चढलेला असतो, कारण एसी, डिमर, साउंड हे सगळं नंतर आलेलं.

नवं बांधलं म्हणजे सुटलो, असंही नाही. शिकागोचं इरोक्वॉय थिएटर १९०३ साली उघडलं, 'आगीपासून पूर्ण सुरक्षित' अशी त्याची जाहिरात होती. पाच-सहा आठवड्यांत, ३० डिसेंबरला, भर प्रयोगात आग लागली आणि ६०० हून जास्त माणसं गेली. किती दारं बंद होती, किती आत उघडणारी. बाहेर उघडणारं आणि अंगाच्या रेट्यानं उघडणारं दार आज आपण सगळीकडे बघतो, त्यामागे ती माणसं आहेत. आपल्याकडे १९९७ साली दिल्लीच्या उपहार सिनेमात ५९ जण गेले. कोल्हापुरात त्या रात्री आत प्रयोग नव्हता. असता तर आज आपण इमारतीबद्दल बोलत नसतो.

म्हणून जुन्या नाट्यगृहात सर्वांत आधी पैसे कुठं घालायचे, याचा क्रम आम्ही असा लावतो. आधी सगळी वायरिंग नवी, बंद नळीत, आणि गळती झाली की वीज तोडणारे स्विच. मग रंगमंच आणि प्रेक्षागृह यांच्यात आग अडवणारा पडदा, रंगमंचावर धूर बाहेर सोडणारी झडप. मग छताच्या पोकळीत धूर ओळखणारी यंत्रणा, रात्री आत कुणी नसतानाही चालणारी. मग दारं. मग पाणी. हजार वॉटच्या दिव्यांच्या जागी एलईडी आणले तर उष्णता आणि भार दोन्ही एकदम उतरतात. आणि हे सगळं झाल्यावर, पैसे उरले तर, खुर्च्यांचा रंग. आपल्याकडे क्रम बरोबर उलटा असतो, कारण उद्घाटनाच्या दिवशी खुर्च्या दिसतात, वायरी दिसत नाहीत.

जळल्यावर काय उरतं

शासनानं हे नाट्यगृह मूळ रूपात पुन्हा उभारायचं जाहीर केलं. पण मूळ रूप म्हणजे काय? १९१५ चं, की नूतनीकरणानंतर लोकांनी पाहिलेलं? आणि भिंती उभ्या आहेत म्हणजे त्या चांगल्या आहेत का? दगड, सांधे तापून आतून कमजोर झालेत का, हे नुसत्या डोळ्यांनी कळत नाही. ध्वनिलहरी सोडून, नमुने काढून तपासावं लागतं. इथल्या सिव्हिलच्या मुलांनी एक लक्षात ठेवावं. जाड सागवानी तुळई बाहेरून जळते, कोळशाचा थर बनतो आणि तो आतल्या लाकडाला काही काळ वाचवतो. उघडं पोलाद जळत नाही, पण ५५० अंशांच्या आसपास त्याची निम्मी ताकद गेलेली असते. तेव्हा 'लाकूड काढा, लोखंड घाला, आग लागणार नाही' हे अर्धसत्य आहे.

व्हेनिसचं ला फेनिचे हे ऑपेरागृह १९९६ च्या जानेवारीत असंच जळून गेलं. तिथल्या लोकांनी ठरवलं, जसं होतं तसं, जिथं होतं तिथं. २००३ च्या डिसेंबरात ते पुन्हा उघडलं. त्यांच्या नशिबानं, आगीच्या थोडंच आधी काही संशोधकांनी त्या प्रेक्षागृहाच्या आवाजाची मोजणी करून ठेवली होती. ती नोंद हाताशी होती, म्हणून नव्या बांधकामाचा आवाज जुन्याशी ताडून बघता आला. दगड, सोनेरी मुलामा, नक्षी यांच्या जोडीला आवाजाचाही नकाशा होता.

आता स्वतःला विचारू. आपल्या किती नाट्यगृहांच्या आवाजाचा नकाशा आपल्याकडे आहे? पुण्याचं बालगंधर्व रंगमंदिर घ्या. १९६२ साली पायाभरणी खुद्द बालगंधर्वांच्या हस्ते झाली. १९६८ च्या जूनमध्ये ते उघडलं तेव्हा ते हयात नव्हते. त्याच्या पुनर्विकासाचा वाद गेली काही वर्षं चालू आहे, पाडावं की राखावं. दोन्ही बाजूंना म्हणणं आहे. पण निर्णय काहीही होवो, त्याआधी त्याचा आवाज मोजून ठेवायला कुणाची हरकत असू नये.

हे काम तुम्ही करू शकता

ही मोजणी फार अवघड नाही. फुगे, एक चांगला माइक आणि लॅपटॉप पुरे. रंगमंचाच्या मधोमध फुगा फोडायचा आणि प्रेक्षागृहात आठ-दहा ठिकाणी तो आवाज विरेपर्यंत टिपायचा. रिकाम्या सभागृहात एकदा, जमलं तर भरलेल्यात एकदा. सॉफ्टवेअर त्यातून काळ काढून देतं. जोडीला लांबी-रुंदी-उंची, प्रत्येक पृष्ठभागाचं साहित्य, प्रत्येक भिंतीचा सरळ समोरून फोटो, छताच्या पोकळीतले फोटो. चार मुलांचं दोन-तीन दिवसांचं काम. चिंचवडचं रामकृष्ण मोरे प्रेक्षागृह, पिंपरीचं अत्रे रंगमंदिर, भोसरीचं लांडगे नाट्यगृह, ही शंभर वर्षांची नाहीत. पण शंभर वर्षांची होतील तीही अशाच नोंदींच्या आधारानं. रीतसर परवानगी काढा आणि शेवटच्या वर्षाच्या प्रकल्पाला हा विषय घ्या.

श्रोत्यांचे प्रश्न

*सर, आता सगळीकडे कॉलर माइक असतात. मग सभागृहाच्या आवाजाचा एवढा विचार कशाला?*

चांगला प्रश्न. माइक आवाज मोठा करतो, स्वच्छ करत नाही. घुमणाऱ्या सभागृहात आवाज वाढवला तर घुमणंही तेवढंच वाढतं. रेल्वे स्टेशनवरची घोषणा आठवा. आवाज भरपूर आहे, पण गाडी कुठल्या फलाटावर ते कळत नाही. चांगल्या सभागृहात माइक मदतीला असतो. वाईट सभागृहात तो कुबडी होतो, आणि एकांकिका करणाऱ्या मुलांकडे एवढे माइक भाड्यानं आणायला पैसे नसतात.

*आम्ही मेकॅनिकलचे. यात आमचं काम काय?*

तुमचं काम शांतता. एसीची हवा वेगानं आणि अरुंद नळीतून सोडली की फुस्स आवाज येतो. नाटकात जेव्हा कुणीच बोलत नाही, तो क्षण तो आवाज खाऊन टाकतो. नळ्या रुंद, वेग कमी, यंत्र इमारतीपासून वेगळ्या पायावर. नाट्यगृहासाठी पार्श्वभूमीचा आवाज पंचवीस डेसिबलच्या आसपास ठेवायचा प्रयत्न असतो. हे जमवणं हा मेकॅनिकलचा अवघड पेपर आहे.

*एवढ्या खर्चात नवीनच का बांधू नये?*

कधी कधी बांधावं. पाया खचला असेल, लोकांच्या जिवाला धोका असेल, तर भावनेपोटी जुनं धरून बसू नये. पण 'नवीन स्वस्त पडेल' हे वाक्य ऐकलं की तीन कागद मागा. आजच्या अवस्थेचा तपासणी अहवाल, दुरुस्तीचा स्वतंत्र अंदाज, आणि नव्या आराखड्यात आवाजाचा काळ किती धरलाय तो आकडा. बहुतेक ठिकाणी तिसरा कागद नसतो. तो नसेल तर तुम्हाला नाट्यगृह मिळणार आहे की ७०० खुर्च्यांची एक खोली, हे कुणालाच माहीत नाही, बांधणाऱ्यालाही नाही.

वेळ संपत आली आहे. ज्यांना मोजणीच्या कामात यायचंय त्यांनी जाताना बाहेरच्या वहीत नाव आणि शाखा लिहून जा. फुगे आम्ही आणतो.